कोण, काय, कुठे

दर सोमवारी सकाळी मी २९ फोन लावते. बोलायचं काहीच नसतं. पलीकडून कोणी उचलला की 'नंबर चालू आहे ना, एवढंच बघत होते' असं सांगून ठेवून देते. नव्याने रुजू झालेल्यांना हे चमत्कारिक वाटतं. जुने सरावलेत. दवाखान्यातला एकजण तर आता 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. 'चालू आहे' म्हणतो आणि स्वतःच ठेवतो.

हे २९ नंबर एका तक्त्यात आहेत. त्याला आम्ही 'कोण, काय, कुठे' म्हणतो. कोणती संस्था, कोणतं काम, छावणीच्या कोणत्या भागात. युद्ध पेटलं, पूर आला, जमीन हादरली, माणसं घरं टाकून निघाली आणि त्यांच्या मागोमाग मदत करणाऱ्या संस्था पोचल्या, की काही दिवसांत असा तक्ता तयार होतोच. पाणीवाल्यांचा वेगळा, आरोग्यवाल्यांचा वेगळा, तंबूवाल्यांचा वेगळा. माझ्याकडे आहे तो संरक्षणाचा.

छावणी कुठली, देश कोणता, हे मी इथे लिहिणार नाही. माणसं ओळखू येतील असे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. या कामात ही सवय आधी लागते, बाकीचं नंतर.

'संरक्षण' या शब्दाने माझी कायम पंचाईत केली आहे. मराठीत संरक्षण म्हटलं की रणगाडे, संरक्षणमंत्री, फार तर संरक्षक भिंत. संरक्षणाचं समन्वयन करते असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या उंचीकडे बघतो. 'बचाव' म्हणावं तर होड्या आणि दोरखंड डोळ्यांपुढे येतात. १९९९ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एक व्याख्या मान्य केली: माणसाच्या हक्कांचा पूर्ण मान राखला जावा म्हणून जे जे करावं लागतं ते सगळं. ती इतकी ऐसपैस आहे की तिच्यात काय बसत नाही ते सांगणं अवघड. मी स्वतःपुरती एक खूणगाठ बांधली आहे. पोटात अन्न आहे, डोक्यावर ताडपत्री आहे, तरीही माणसाला ज्याची भीती वाटते, ते माझं खातं.

आणि या खात्याला गोदाम नाही. इतरांचं काम दिसतं. पोती उतरतात, पाइप टाकले जातात, सुया टोचल्या जातात. माझ्याकडे एक तक्ता, एक फोन आणि दर बुधवारी दहा वाजता भरणारी बैठक. तिथे कधीकधी चर्चेचं असं गुऱ्हाळ चालतं की बाहेर पाऊस थांबून पुन्हा सुरू झालेला असतो. समन्वयक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा, असं आमच्या मागे म्हटलं जातं याची मला कल्पना आहे. पाणी-स्वच्छतेचं काम बघणारे सहकारी एकदा भर बैठकीत म्हणाले, "तुम्ही प्रश्न विचारता, आम्ही खड्डे खणतो." लागलं मला ते. पण खोटं नव्हतं.

हे झालं संडासांवरून, तेव्हा आधी संडासांचीच गोष्ट सांगते.

छावणीच्या उत्तरेकडच्या भागात नवे संडास बांधून झाले होते. हिशेब चोख होता, वीस माणसांमागे एक. 'स्फिअर' नावाची मानकांची पुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्यातला हा आकडा. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट असावेत, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावेत, भूजलाच्या स्रोतापासून मात्र किमान ३० मीटर लांब असावेत, हेही त्यातलंच. दाटीवाटीच्या उतारावर या सगळ्या आकड्यांची मोट बांधायची म्हणजे नाकी नऊ येतात. सहकाऱ्यांनी ती बांधली होती. तरी संध्याकाळनंतर तिकडे एकही बाई फिरकत नव्हती.

आधी ओळखलं ते दवाखान्यातल्या नर्सने. बायकांच्या लघवीच्या तक्रारी अचानक वाढल्या होत्या. खोदून विचारल्यावर कळलं की दुपार कलली की त्या पाणी पिणंच बंद करतात. पाणी पुरेसं होतं, नळ जवळ होता. रात्री उठायला लागू नये म्हणून त्या तहान मारत होत्या.

मी दिवसा जाऊन पाहिलं. दारं होती, पाणी होतं, स्वच्छता होती. मग दोघीजणींबरोबर अंधार पडल्यावर गेले. वाट मोबाईल चार्ज करून देणाऱ्या एका खोपटासमोरून जात होती. तिथे रात्री उशिरापर्यंत पोरं बसलेली असत. ती कोणाला हात लावत नव्हती, वाकडं बोलत नव्हती. फक्त कोण कितव्यांदा गेलं ते मोठ्याने मोजत होती. आणि दाराला कडी होती, ती बाहेरून.

कडी आतून बसायला एक दिवस लागला. मग आम्ही सौर दिवा लावला आणि पोरं उठून दिव्याखाली येऊन बसली. पत्ते खेळायला आता उजेड होता! दिव्याखाली अंधार ही म्हण मी तेव्हा पहिल्यांदा शब्दशः पाहिली. शेवटी प्रश्न खोपटाचा होता. आणि खोपटं चालवणारा स्वतःच घर गमावून आलेला; त्याला हुसकायचं कसं? रोजगाराचं काम करणाऱ्या संस्थेने त्याला मोठ्या रस्त्यालगत जागा मिळवून दिली. त्याची कमाई वाढली. पोरं त्याच्या मागे गेली. या सगळ्याला तीन आठवडे लागले.

यात मी काय केलं? तक्रार नर्सने ओळखली, कडी पाणीवाल्यांनी बसवली, दिवा तिसऱ्यांनी दिला, जागा चौथ्यांनी. मी एका रात्री चालून आले आणि या चौघांना एकमेकांचं ऐकायला लावलं. तक्त्यात याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. पण या कामाबद्दल मला जे काही ठाम म्हणायचं आहे ते या तीन आठवड्यांत आलं. संरक्षण नावाची वस्तू आमच्याकडे वाटायला नसते. ते दुसऱ्यांच्या कामात राहून गेलेलं असतं. कडी कुठल्या बाजूला, वाटप किती वाजता, कार्ड कोणाच्या नावावर, तक्रारपेटी कोणाच्या दारात. शिधापत्रक घरातल्या पुरुषाच्या नावावर काढलं की त्याच्यापासून वेगळं राहू पाहणाऱ्या बाईला धान्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं. ज्याने ते कार्ड काढलं त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

आता शब्दांकडे येते, कारण माझ्या तक्त्यात माणूस कुठल्या रकान्यात जाणार हे शब्द ठरवतात. हिंदीत शरणार्थी म्हणतात, आपण निर्वासित म्हणतो. शरणार्थी काहीतरी मागायला आलेला असतो. निर्वासित म्हणजे ज्याचा वास, ज्याची वस्ती हिरावली गेली तो. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्यात कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. कायद्याला मात्र एवढ्याने भागत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होण्याची साधार भीती हवी आणि माणसाने आपल्या देशाची हद्द ओलांडलेली हवी. मुळात तो करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ही अट १९६७ च्या पूरक कराराने काढली.

हद्द न ओलांडता आपल्याच देशात परागंदा झालेल्यांसाठी त्या करारात काही नव्हतं. फ्रान्सिस डेंग या सुदानी मुत्सद्द्याच्या पुढाकाराने १९९८ साली त्यांच्यासाठी तीस मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी २००९ साली युगांडातल्या कंपाला इथे करार करून ती, तो करार मान्य करणाऱ्या देशांपुरती, बंधनकारक केली. आकडे बघितले तर हा गट सगळ्यांत मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने विस्थापित झालेली होती आणि त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात होती.

आणि तिसरा तो स्थलांतरित. त्याच्याबद्दल बोलताना आमच्या बैठकीत खुर्च्या करकरायला लागतात.

एक गवंडी आठवतो. तो तिसऱ्याच देशातून तिथे मजुरीला आला होता. ज्या शहरात तो इमारती बांधत होता त्यावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तोही सगळ्यांबरोबर पळाला, सगळ्यांबरोबर सीमा ओलांडली आणि सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला. नोंदणीच्या टेबलावर गाडी अडली. ज्या देशातून पळाला तो त्याचा नव्हता आणि त्याचा स्वतःचा देश शाबूत होता. पासपोर्ट मुकादमाकडे राहिला होता, पाच महिन्यांची मजुरीही. निर्वासितांच्या रकान्यात तो बसेना, अंतर्गत विस्थापितांच्या तर नाहीच. त्याला शेजारच्या तंबूत पाठवलं, तिथून परत पहिल्या तंबूत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला माझ्याकडे आणलं, आणि मी आधी काय केलं असेल? तक्ता उघडला.

२०११ साली लिबियात लढाई पेटली तेव्हा असे परदेशी कामगार लाखांनी ट्युनिशिया आणि इजिप्तच्या सीमेवर येऊन पडले होते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि निर्वासित संस्था यांनी मिळून विमानं, जहाजं लावून कित्येकांना घरी पोचवलं. त्या धड्यातूनच पुढे, संकटात सापडलेल्या देशांतल्या स्थलांतरितांसाठी २०१६ मध्ये वेगळी मार्गदर्शक सूत्रं तयार झाली. व्हेनेझुएलातून माणसं बाहेर पडायला लागली तेव्हा या दोन संस्थांनी एकच समन्वय मंच उभा केला आणि त्याच्या नावात 'निर्वासित आणि स्थलांतरित' असे दोन्ही शब्द ठेवले. नावात 'आणि' घालायला इतकी वर्षं लागली.

गवंड्याला वकिलातीचा तात्पुरता प्रवास दाखला मिळाला आणि तो घरी गेला. त्याच्याबरोबरच्या एकाने मात्र परत जायला नकार दिला. का, ते तो चारचौघांत सांगेना. वेगळं बसवून विचारलं तेव्हा कळलं की हा खरोखरच स्वतःच्या देशाला भिऊन बाहेर पडला होता, मजुरी हे निमित्त. दोघांचे कपडे सारखे, हातांवरचे घट्टे सारखे. म्हणून 'कामगार आहेत ना, मग पाठवून द्या' असं कोणी म्हटलं की मी अडून बसते. एकेकाशी बोलल्याशिवाय कोणालाही बसमध्ये चढवायचं नाही. यामुळे रांगा लांबतात हे मान्य.

ही समन्वयाची एवढी यंत्रणा आली कुठून? १९९४ च्या जुलैत रवांडातून पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा इथे आली. पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, बरीचशी कॉलरा आणि आमांशाने. मदतीला जगभरातून संस्था धावल्या. एक ना धड भाराभर चिंध्या अशी ती गत होती. काहींना काम येत होतं, काहींना येत नव्हतं, कोण काय करतंय याचा पत्ता नव्हता. पण माझ्या दृष्टीने गोमाची खरी गोष्ट कॉलरा आटोक्यात आल्यानंतरची आहे. ज्यांनी रवांडात तुत्सींचा वंशसंहार घडवला तेच लोक छावण्यांचे म्होरके होऊन बसले होते आणि धान्य त्यांच्याच हातून वाटलं जात होतं. पाणी शुद्ध झालं, मृत्युदर उतरला, आणि माणसं मारेकऱ्यांच्या मुठीत राहिली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ची फ्रेंच शाखा वर्षअखेरीस निषेध म्हणून तिथून बाहेर पडली. बाकीच्या बहुतेक थांबल्या. कोण बरोबर, हा वाद अजून मिटलेला नाही. मी कधी या बाजूला असते, कधी त्या.

स्फिअरचं काम त्यानंतर १९९७ साली सुरू झालं. २००५ मध्ये 'क्लस्टर' पद्धत आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाकिस्तानातल्या भूकंपात पहिल्यांदा वापरली गेली. एकेका विषयाचा एकेक गट, प्रत्येक गटाला एक जबाबदार संस्था. संरक्षणाची जबाबदारी निर्वासित संस्थेकडे. त्याच्या पोटात मुलांचं युनिसेफकडे, लैंगिक आणि लिंगाधारित हिंसेचं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीकडे, आणि भूसुरुंग, घर-जमीन-मालमत्ता यांचे आणखी दोन उपगट. कागदावर हे फार देखणं दिसतं. माणूस मात्र सगळे उपगट एकाच अंगावर घेऊन येतो.

एक बाई अशीच आली होती. आता मी सोमवारच्या फोनांकडे येते.

तिच्यावर काय गुदरलं होतं ते सांगायचं कारण नाही. छावणीत आल्यावर तिने ते पहिल्यांदा नोंदणीच्या टेबलावर सांगितलं. त्यांनी तिला दवाखान्यात पाठवलं. तिथे नर्सला सांगितलं. नर्सने मुलांच्या केंद्राची चिठ्ठी दिली, कारण बरोबर लहान मुलगा होता. तिथे सांगितलं. त्यांनी कायदेशीर मदतीच्या तंबूत पाठवलं. तिथे दुभाषा पुरुष होता, तरी सांगितलं. त्यांनी एक नंबर लिहून दिला, बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्राचा. तो नंबर दोन दिवस लागला नाही. मग ती चालत चालत आमच्या कार्यालयाशी आली.

आमच्या भाषेत याला 'रेफरल' म्हणतात. प्रत्येकाने आपलं काम नेमकं, नियमाप्रमाणे केलं होतं. प्रत्येकाच्या वहीत तिच्या नावापुढे 'पुढे पाठवलं' अशी नोंद होती आणि त्या आठवड्याच्या अहवालात ती चार वेगवेगळ्या आकड्यांत मोजली गेली होती. मदत मिळालेल्या चार व्यक्ती.

मी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. दुभाषी बाईंनी भाषांतर केलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून कितीजणांना सांगायचंय? सगळ्यांना एकदाच बोलवा. मी उभी राहून सांगते."

मी वही मिटली. त्यानंतर किती वेळ गेला ते आठवत नाही. दुभाषी बाईंनी तिला पाणी दिलं.

तो बंद नंबर माझ्या तक्त्यातला होता. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा निधी संपून तिने सहा आठवड्यांपूर्वी गाशा गुंडाळला होता. मला ई-मेल आली होती. मी ती वाचलीही होती. तक्ता अद्ययावत करायचा राहून गेला आणि त्या चौकोनाचा रंग हिरवाच राहिला. हिरवा म्हणजे सेवा उपलब्ध. कामाचा रगाडा होता, दोन बैठका एकाच वेळी होत्या वगैरे कारणं माझ्याकडे आहेत आणि त्यांचा उपयोग शून्य आहे. या कामात काही मदत वेळेत मिळाली तरच मदत. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. एक बंद नंबर त्यांतले ४८ तास सहज खातो.

तेव्हापासून सोमवारचे फोन. शिवाय आम्ही ठरवलं की चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही, सोबत जायचं. ज्याच्याकडे माणूस पहिल्यांदा बोलला त्यानेच पुढच्याला, त्या माणसाची परवानगी घेऊन, जरुरीपुरतं सांगायचं. एक केसवर्कर, म्हणजे त्या माणसाची सगळी मदत बघणारी एकच व्यक्ती, शेवटपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाच संस्थांना आपापल्या पाच नमुन्यांचा हट्ट सोडून एका कागदावर आणायला मला सात महिने लागले. वर एकाने विचारलं की मग आमच्या अहवालात ती व्यक्ती मोजायची कोणी?

पण माहिती पुढे द्यायची म्हटली की दुसरी भीती उभी राहते. या क्षेत्राची सुरुवातच कागदाने झाली. राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचे) निर्वासितांचे पहिले उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ साली देशहीन झालेल्या रशियनांसाठी एक ओळखपत्र काढलं, ते 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखलं गेलं. एका कागदाने माणसाला सीमा ओलांडता आली. आणि १९९४ साली रवांडात रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्रं तपासून माणसं मारली गेली, कारण बेल्जियन राजवटीपासून त्या पत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलं होतं. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने म्हटलं की निर्वासित संस्थेने गोळा केलेली बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती नीट समजावून संमती न घेता पुढे गेली आणि अखेर म्यानमारपर्यंत, म्हणजे ज्यांच्यापासून ते पळाले होते त्यांच्यापर्यंत, पोचली. निर्वासित संस्थेने आपण संमती घेतली होती असं उत्तर दिलं. मला त्या वादात न्यायाधीश व्हायचं नाही. मला फक्त टेबलापलीकडचा माणूस दिसतो. मागे चारशेजणांची रांग, हातात भुकेलं पोर, आणि समोरचा विचारतोय, 'तुमची संमती आहे?' नाही म्हणून तो जाणार कुठे?

म्हणून माझ्या तक्त्यात माणसांची नावं नाहीत. फक्त संस्था, सेवा, जागा, नंबर. बैठकीत कोणी 'ती निळ्या तंबूतली' असं म्हणालं तरी मी थांबवते. चिडतात लोक.

थांबवायला हवं तिथे मी नेहमी थांबवते असं मात्र नाही. संरक्षणाची पहिली जबाबदारी सरकारची असते, आम्ही नंतरचे. पण कधी ज्याच्यापासून भीती असते तेही सरकारच असतं, आणि छावणीत शिरण्याचा परवानाही त्याच्याच सहीने मिळतो. मग बोलायचं की गप्प बसून काम चालू ठेवायचं? २००९ मध्ये श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या माणसांकडे मृतांचे आकडे जमा होत होते आणि ते जाहीर करायचे की नाही यावर घोळ चालला होता. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत चौकशीने या सगळ्याला यंत्रणेचं अपयश म्हटलं. पुढच्या वर्षी सगळ्या मोठ्या संस्थांनी मिळून जाहीर केलं की संरक्षण हेच मदतकार्याच्या केंद्रस्थानी राहील. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर ते निवेदन चौकटीत लावलेलं आहे. त्याच्याच खाली प्रिंटर आहे, तो अडकला की सगळे त्या निवेदनाकडे बघत उभे राहतात.

एकदा शाळेच्या इमारतीत राहणारी दोनशे कुटुंबं दोन दिवसांत हलवण्याचा हुकूम आला. शाळा सुरू व्हायची होती. गावातल्या मुलांचं वर्ष बुडत होतं, तेही खरंच. मी पत्रक काढू शकले असते. त्याऐवजी अधिकाऱ्यांच्या दारात दीड दिवस बसले आणि अकरा दिवसांची मुदत मिळवली. तेवढ्यात तंबूवाल्यांनी पलीकडची जागा सपाट केली. शेवटच्या दिवशी काही कुटुंबं नव्या जागी गेलीच नाहीत, रातोरात कुठेतरी निघून गेली. कुठे, ते आम्हाला कळलं नाही. त्या अकरा दिवसांबद्दल मला शाबासकी मिळाली, आणि ती घेताना मी त्या कुटुंबांबद्दल काही बोलले नाही.

अजून एक सांगायला हवं, जे आम्हाला सांगायला आवडत नाही. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या छावण्यांबद्दल एक अहवाल आला होता. मदत वाटणारेच अन्नाच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण करत असल्याचे आरोप त्यात होते. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी कडक नियम घालून दिले. आजही मी नव्या माणसांच्या प्रशिक्षणात हा विषय पहिल्या तासाला घेते. शेवटच्या तासाला घेतला की सगळ्यांना गाडी पकडायची असते.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली. त्यानंतर एकेक संस्था हात आखडता घेत गेली. पोत्यांना कात्री लागली की फोटो निघतो. समुपदेशनाला कात्री लागली तर कशाचा फोटो काढणार? टळलेल्या गोष्टी मोजता येत नाहीत, म्हणून कापाकापीत आमची पाळी लवकर येते. सोमवारचे फोन पूर्वी ४७ होते.

गेल्या महिन्यात बायकांचं दुसरं केंद्रही बंद व्हायचं ठरलं. या वेळी मी ई-मेल त्याच दिवशी उघडी ठेवून तक्ता बदलायला बसले. केंद्रातली स्वयंसेविका सामानाची यादी द्यायला आली होती. ती स्वतः विस्थापित, मूळची शिक्षिका. तिचं मानधनही त्या दिवसापासून बंद. तिने माझ्या पडद्याकडे पाहिलं. मी चौकोन राखाडी करून नंबर पुसत होते.

"तिथे माझा नंबर घाला," ती म्हणाली. "बायकांना तोच पाठ आहे. त्या तसाही करणारच."

नियमाने मला तो घालता येत नाही. तिला आता पगार नाही, मागे कोणी वरिष्ठ नाही, रात्री कोणी तिच्या दारावर लाथा मारल्या तर जबाबदार कोण, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला, नंबर चुकू नये म्हणून.

पुढच्या सोमवारी मी २९ फोन लावून झाल्यावर तिला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. 'चालू आहे ना, एवढंच बघत होते' म्हणाले. 'आहे,' ती म्हणाली, 'आत्ता कोणीतरी आलंय, नंतर बोलते.'

तो रकाना मी अजून भरलेला नाही.